सोलर बंद कधी पडतं, तेही सांगा

मा. महासंचालक,
महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा), पुणे
यांस



मी पारोळ्यात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. जळालेली पाणबुडी मोटर उघडायची, काळी पडलेली वायर ओढून काढायची, नवी भरायची आणि 'आता परत जळणार नाही ना?' असं गिऱ्हाइकाने विचारलं की खोटं बोलायचं नाही, एवढाच माझा धंदा. सोलर पंप वाढले की माझ्याकडे येणाऱ्या मोटरी कमी होणार, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहितोय त्यात माझा स्वार्थ कुठे आहे, ते तुम्हाला ताडून बघता येईल. सोलर यावं असंच मला वाटतं. तरीही हे पत्र तक्रारीचं आहे, आणि उघड लिहितोय कारण ती माझ्या एकट्याची नाही.

अलीकडे दुकानात येणारा माणूस मोटर टाकतो, स्टुलावर बसतो आणि पहिला प्रश्न सोलरचा काढतो. 'ढग उनात ते मोटर चाली का?', म्हणजे ढग आले तर मोटर चालेल का, हा सगळ्यात जास्त वेळा. मग तीन एचपीवर आमच्या बोअरचं पाणी उचलेल का, वादळात प्लेटा उडाल्या तर भरून कोण देणार, छतावर बसवलं की बिल खरंच झिरो येतं का, शेतीपंपाचं बिल माफ आहे तर सोलर हवंय कशाला. प्रश्न एकदम रास्त. पण हे प्रश्न वाइंडिंगवाल्याला का विचारले जातात, याचा विचार तुमच्या कार्यालयात कधी झाला आहे का? मी काही तुमचा माणूस नाही. माझं दुकान रोज उघडं असतं आणि मी उद्याही इथेच सापडतो, एवढीच माझी लायकी.

तुमच्याकडून माहिती येत नाही असं मी म्हणणार नाही. येते. महामार्गाच्या कडेला फलक येतो, गाडीवर चित्ररथ येतो, मोबाइलवर संदेश येतो. २००४ पासून २० ऑगस्टला अक्षय ऊर्जा दिन असतो. त्या दिवशी पोरांच्या हातात घोषणांच्या पाट्या देतात. या सगळ्यात एकच गोष्ट सांगितलेली असते: सूर्य फुकट आहे, अनुदान मिळतंय, लाभ घ्या. लाभार्थी म्हटलं की माणसाने अर्ज करायचा आणि सही करायची, एवढंच उरतं. प्रश्न विचारायला त्यात जागाच ठेवलेली नाही. चित्ररथाला प्रश्न विचारून बघा, तो पुढच्या गावाला गेलेला असतो.

आता न सांगितलेल्या गोष्टींतली एकच घेतो, कारण तिच्यापायी मी लोकांना चिडलेलं पाहिलंय. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्यावर ७८,००० रुपये अनुदान, हे आकडे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहेत. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात, हेही विक्रेता सांगतो. पण भरदुपारी लाइट गेली की छतावरचं सोलरही बंद पडतं, हे तो सांगत नाही. कोणीच सांगत नाही. ज्या गावात लाइट जाते त्या गावात माणूस सोलर मुख्यतः लाइट गेल्यावर पंखा फिरावा म्हणूनच घेणार, हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पैसे भरून झाले, प्लेटा बसल्या, मे महिन्यात दुपारी दोनला लाइट गेली, वर ऊन रणरणतंय आणि खाली पंखा थांबलेला. माणसाला वाटतं आपल्याला फसवलं.

खरं तर त्याला कोणी फसवलेलं नसतं. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर तारेत वीज नाही असं दिसलं की मुद्दाम थांबतो. तो थांबला नाही तर छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हे मी समजावून सांगितलं की माणूस क्षणात शांत होतो. 'असं आहे होय!' म्हणतो. वर विचारतो, मग बॅटरीचं घेतलं असतं तर? तेव्हा बॅटरीची किंमत, तिचं आयुष्य, हायब्रीड इन्व्हर्टर, असं सगळं बोलणं होतं. म्हणजे माणसाला कळतं. पटतं. फक्त पैसे भरण्याआधी कळायला हवं होतं. तसंच बिलाचं. वापरापेक्षा जास्त तयार झालेली युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात आणि मार्चअखेर हिशेब मिटतो. स्थिर आकार मात्र सुटत नाही. 'बिल झिरो' हे शब्द फलकावर छापायला छान आहेत, पण त्यांच्यामुळे पहिलं बिल हातात आलं की भांडण होतं.

उन्हाचंही तसंच. आमच्या खान्देशात उन्हाची ददात नाही. जळगाव-भुसावळचं तापमान दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर असतं. म्हणून लोकांना वाटतं, जितकं ऊन कडक तितकी वीज जास्त. प्लेटला लागतो उजेड, उष्णता नव्हे. प्लेटची ताकद मोजतात ती पंचवीस अंशांवर. आमच्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी प्लेट स्वतः पासष्ट-सत्तरला पोचते, आणि पंचवीसच्या वरच्या प्रत्येक अंशाला तिची ताकद टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्तच घटते. म्हणजे पंधराएक टक्के तिथेच गेले. त्यात इथली धूळ. कापसाच्या शेतातून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या कडेला प्लेटा असतील तर आठवड्याभरात त्यांच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. सकाळी थंड असताना पाण्याने पुसायच्या, भरदुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, खाऱ्या बोअरचं पाणी वाळू द्यायचं नाही, एवढं सांगितलं तर शेतकरी ते काटेकोर करतो. बैलाचं अंग कधी धुवायचं हे ज्याला कळतं, त्याला हे कळणार नाही का? पण सांगणार कोण?

न सांगितलं की काय होतं, याची खान्देशाला जुनी ओळख आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पाचशे मेगावॉटच्या वर. त्याच काळात दुष्काळाची वर्षं आली आणि साताऱ्या-सांगलीपासून आपल्या धुळ्यापर्यंत एकच बोलवा झाली: या पंख्यांमुळे ढग पळतात, म्हणून पाऊस नाही. शहरातली माणसं हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माणसाने दोन गोष्टी एकाच वेळी घडताना पाहिल्या आणि त्यांची सांगड घातली. शास्त्रज्ञही सुरुवात तिथूनच करतो, फक्त तो पुढे तपासतो.

तपासलं तर काय निघतं? त्या पवनचक्क्यांच्या पात्याचं टोक फार तर शंभर-सव्वाशे मीटरवर जातं. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर असतात, त्यांचे माथे तर काही किलोमीटर उंच, आणि त्यांना आणणारा मोसमी वारा शेकडो कोसांवरून येतो. त्याच्यापुढे ही पाती म्हणजे काहीच नाहीत. पण याहूनही पटणारी गोष्ट वेगळी आहे. सह्याद्रीवर पाणी सांडून रिकामा झालेला वारा पूर्वेकडच्या पठारांवर जोरात वाहतो. वारा भरपूर, पाऊस कमी. पवनचक्कीवाले जागा शोधतात ती नेमकी अशीच. पवनचक्की आली म्हणून पाऊस गेला, असं झालेलं नाही; पाऊस आधीपासूनच कमी होता, वारा होता, म्हणून पवनचक्की आली. चावडीवर बसून जमिनीवर काडीने डोंगर काढून हे समजावायला जेमतेम अर्धा तास लागतो. हा अर्धा तास त्या वर्षांत वेळेवर कोणी दिला असता, तर ती बोलवा इतकी पसरली नसती.

आणि अर्धा तास देणाऱ्याला दुसराही प्रश्न ऐकावा लागला असता: वारा आमच्या डोंगरावरचा, वीज जाते कुठे, आणि आमच्या पाड्यावर अजून अंधार का? वनजमिनीच्या हक्कांवरून साक्रीकडच्या आदिवासींनी आंदोलनं केली, त्यांच्यामागेही असाच प्रश्न होता. पावसाची अफवा शास्त्राने खोडता येते, हा प्रश्न खोडता येत नाही. लोकांशी बोलायचं म्हणजे फक्त त्यांचे गैरसमज दूर करायचे, असं ज्याला वाटतं त्याने गावात न आलेलं बरं.

सौर प्रकल्पही इथे नवे नाहीत. साक्रीतच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला. शिंदखेडा तालुक्यात दोंडाईच्याजवळ वीजप्रकल्पासाठी जमिनी घेतल्या, आधी औष्णिकसाठी, मग सौर प्रकल्पाची चर्चा झाली. त्या संपादनात ज्यांची जमीन गेली ते विखरणचे धर्मा पाटील. मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या या वृद्ध शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला त्यांचं निधन झालं. हे महाऊर्जाचं पाप आहे असं माझं म्हणणं नाही. मोबदला तुमच्या अखत्यारीत येत नाही. पण खान्देशात 'सोलरला जमीन' हे शब्द निघाले की समोरच्याच्या मनात कोणाचा चेहरा येतो, एवढं तुमच्या चित्ररथाच्या चालकाला तरी माहीत असावं.

आता आमच्या तालुक्याच्या कामाचं बोलतो. पारोळा म्हणजे बेभरवशाच्या पावसाचा पट्टा. बोरी नदीवर तामसवाडीला धरण आहे, बाकी सगळा भार विहिरींवर आणि बोअरवर. कापूस, मका, बाजरी. शेताची लाइट पाळीने येते, त्यातली काही रात्रीची. रात्री कोण उठून जाणार, म्हणून लोक स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात. लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, करंट वाढतो. एखादा फेज आलाच नसेल तर मोटर जागच्या जागी गुणगुणते आणि जळते. सकाळी ती माझ्या दुकानात. झाकण काढलं की जळक्या इन्सुलेशनचा वास येतो. तो मालकाच्याही नाकाला ओळखीचा झालाय, तो बघायलाही वाकत नाही. जो ऑटो न लावता स्वतः जातो त्याची मोटर वाचते, पण अंधारात सापाची आणि आता बिबट्याची भीती. दिवसा लाइट मिळणं ही इथे चैन नाही, जिवाची गोष्ट आहे.

म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दलच लोकांना सगळ्यांत कमी माहीत आहे. २०१७ मध्ये ती आली, राळेगणसिद्धीला आणि यवतमाळच्या कोळंबीला सुरुवात झाली. २०२३ मध्ये '२.०' म्हणून मोठी केली. सबस्टेशनजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प, एका मेगावॉटला साधारण चार एकर, आणि त्या वाहिनीवरच्या सगळ्या शेतांना दिवसा वीज. शेतकऱ्याने काही विकत घ्यायचं नाही, काही पुसायचं नाही, जुनीच मोटर चालते. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख.

दुसरीकडे स्वतंत्र सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषिपंप'मध्ये १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरपर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, त्यावर साडेसात. पाच वर्षं देखभाल आणि विमा त्यातच. चांगली योजना आहे, जिथे तारच पोचलेली नाही तिथे तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण एक गोष्ट फलकावर नसते. एप्रिल-मेमध्ये आमच्या विहिरी तळाला जातात. ऊन सगळ्यांत जास्त त्याच वेळी, आणि प्लेटा नुसत्या बसून. भर पावसाळ्यात पाणी द्यायचंच नसतं, तेव्हाही बसून. वाहिनीवरच्या सौर प्रकल्पाची वीज अशा वेळी वाया जात नाही, ती ग्रिडमध्ये दुसऱ्याला जाते. कोणत्या शेताला काय बरं, हे शेतागणिक ठरतं: तार आहे का, पाणी किती खोल, पाणी किती महिने. जमीन किती एकर यावर एचपी ठरवणं कागदाला सोपं जातं, पण पाण्याची खोली सातबारावर नसते. तीन एचपीचा माणूस दुकानात येऊन 'पाणी वरच चढत नाही' म्हणतो, तेव्हा मी त्याला काय सांगू? हे सांगायची वेळ अर्ज भरतानाची होती.

माहिती जिथे पोचत नाही तिथे भामटा पोचतो. सौर पंपांच्या केंद्रीय 'पीएम-कुसुम' योजनेच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून नोंदणी शुल्क उकळतात, असा इशारा केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार द्यावा लागला आहे. माझ्याकडेही एकजण मोबाइल घेऊन आला होता. संदेशावर तिरंगा, सूर्य, वर सरकारी वाटेल असं बोधचिन्ह. पैसे गेलेले. लिंक खरी की खोटी हे त्याने ओळखायचं कसं? कुसुमचं पोर्टल तुमचं, 'मागेल त्याला'चं महावितरणचं, छतावरचं दिल्लीचं. तीन दारं खरी असली की चौथं खोटं दार ओळखू येत नाही.

लोकांना समजावून सांगण्याचं काम होतं कसं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. देहूचे डॉ. सुहास मापुसकर सरकारी डॉक्टर म्हणून गावात गेले. त्यांनी बांधून घेतलेले पहिले संडास टिकले नाहीत. लोक बिथरले. त्यांनी लोकांना अडाणी ठरवलं नाही, संडासाची रचना बदलली; मग त्याला बायोगॅस जोडला, आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आयआयटी मुंबईने दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा उपक्रम केला तेव्हा दिवे तयार डब्यातून वाटले नाहीत. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून जोडून घेतले आणि दुरुस्तीही त्यांच्याकडेच दिली. दोन्हीकडे सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी सापडत होता.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. योजनांचं कौतुक करणारी पत्रकं कमी करा आणि प्रत्येक यंत्राचा एक कागद काढा, मोठ्या अक्षरात, आमच्याकडे अहिराणीतही: हे कशाने चालतं, कधी चालत नाही, बिघडलं तर कोणाला गाठायचं, किती दिवसांत तो यायलाच हवा, वादळात मोडलं तर विम्याचा दावा कसा करायचा. पैसे घेण्याआधी विक्रेत्याने तो वाचून दाखवून त्यावर सही घ्यायची. विक्रेते कुरकुर करतील, करू द्या.

तालुक्याला बाजाराच्या दिवशी पंचायत समितीच्या आवारात एक टेबल हवं. २०१५ पासून केंद्राने 'सूर्यमित्र' म्हणून तंत्रज्ञ शिकवले. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करणारी पोरंही आहेत. त्यांना मानधन द्या, प्रश्नांची वही द्या, आणि महिन्याला ती वही पुण्यात मागवून स्वतः वाचा. चित्ररथाच्या डिझेलमध्ये हे भागेल, असा माझा अंदाज.

आणि ज्या गावाजवळ सौर वाहिनीचा प्रकल्प आहे तिथे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूचा फळा लावा. काल किती युनिट तयार झाली, आमच्या वाहिनीला दिवसा किती तास लाइट मिळाली, पाच लाखांतले आले किती, गेले कुठे. डिजिटल नको, ते बंद पडलं की कोणी बघत नाही; खडूने रोज लिहायला माणूस लागतो, आणि त्याने लिहिलं नाही तर लोक त्याला विचारतात. प्रकल्प यायच्या आधीच्या ग्रामसभेतही हेच आकडे तोंडी सांगा आणि 'नाही' म्हणणाऱ्याला शेवटपर्यंत बोलू द्या. तो बहुतेक वेळा काहीतरी खरं सांगत असतो.

पहिलं टेबल पारोळ्यात लावायचं ठरवलंत तर माझ्याकडून एक जळालेली मोटर उघडून आणि एक तडकलेली प्लेट पाठवून देईन; लोकांना हात लावून बघायला बरं पडतं. भाडं मागणार नाही. तुमचा माणूस तेवढा पुढच्या बाजारालाही यायला हवा.

कळावे,

आपला,
एक मोटर वाइंडिंगवाला
पारोळा, जि. जळगाव